वाकण्याची किंमत : घरचं गांडूळ खत आणि गॅरेजमधली पाठ

घरी गांडूळ खत करायला किती खर्च येतो, असं विचारलं की लोक डब्याची किंमत सांगतात. कुणी अडीच हजार म्हणतो, कुणी साडेपाच. भाजीचे जुने क्रेट वापरणारा ‘तीनशेत भागवलं’ असं छाती फुगवून सांगतो. सगळे आकडे खरे आणि सगळेच अपुरे. डबा एकदाच घ्यायचा असतो. त्यानंतर दर दोन दिवसांनी त्याच्यापुढे वाकायचं असतं, अधूनमधून तो सरकवायचा असतो आणि अडीच-तीन महिन्यांनी उपसायचा असतो. माझ्या पाहण्यातले जे डबे बंद पडले, त्यातले फार थोडे गांडुळं मेल्यामुळे बंद पडले. बाकीच्या घरांत कुणाची तरी कंबर धरली, ‘उद्या बघू’ सुरू झालं आणि डबा जिन्याखाली गेला.

हा हिशेब मला माझ्या मेहुण्याने घालून दिला. कोल्हापुरात त्याचं दुचाक्यांचं गॅरेज आहे, आणि पाठीचं दुखणंही तितकंच जुनं आहे. गच्चीवर जमिनीलगत ठेवलेले माझे क्रेट बघून तो एवढंच म्हणाला, “दाजी, दिवसभर गाडीपुढं वाकतोय ते पोटासाठी. शेणाच्या डब्यापुढं फुकटात कशाला वाकायचं?” पुढच्या खेपेला त्याने उद्यमनगरातून अँगलचा स्टँड करून आणला. खाली जे सांगतो आहे त्याचा गाभा तो स्टँडच आहे. पैसे डब्यावर कमी घाला, उंचीवर घाला. आणि हे जितकं गांडुळांच्या क्रेटला लागू आहे तितकंच गॅरेजमधल्या कामाला, म्हणून दोन्हींचे भाव एकत्र देतो. भाव पश्चिम महाराष्ट्रातल्या शहरांचे, ढोबळ. तुमच्या गावात शे-दोनशेचा फरक पडेल.

आधी कचरा मोजा

चार माणसांच्या घरात रोज पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. तो सगळा गांडुळांना चालत नाही. लिंबाच्या फोडी, संत्र्या-मोसंब्यांच्या साली, मिरचीची देठं, उरलेली आमटी, तेलकट भाजी, मटणाची हाडं, दुधाचं काहीही बाजूला काढा. कांद्या-लसणाच्या साली थोड्या चालतात, ढिगाने नाहीत. उरतात भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या, निर्माल्यातली फुलं. हे चारशे-पाचशे ग्रॅम धरा.

जागेचा एक जुना ठोकताळा आहे, तो मेरी अ‍ॅपलहॉफ या अमेरिकन बाईंनी १९८२ साली काढलेल्या पुस्तकामुळे जगभर पसरला : एक चौरस फूट पृष्ठभागाला आठवड्याला साधारण अर्धा किलो कचरा. आपल्या हवेत गांडुळं जरा जास्त खातात, पण सुरुवातीला हाच हिशेब धरावा. भाजी मंडईतला साठ बाय चाळीस सेंटिमीटरचा क्रेट म्हणजे अडीच चौरस फूट. दोन क्रेट मिळून पाच चौरस फूट, म्हणजे आठवड्याला अडीच किलो, रोजचे साडेतीनशे-चारशे ग्रॅम. चौकोनी कुटुंबाला दोन क्रेट लागतात ते यामुळे. एका क्रेटमध्ये सगळा कचरा कोंबला की तो आंबतो, वास सुटतो, चिलटं होतात, आणि दोष गांडुळांना दिला जातो. खोली वाढवून उपयोग नाही. ही गांडुळं वरच्या वीस-पंचवीस सेंटिमीटरमध्ये राहणारी. दोनशे लिटरचं उभं पिंप घेतलंत तर खालचा अर्धा भाग नुसता कुजेल आणि शंभर किलोंच्या पुढचं धूड तुमच्या गच्चीवर कायमचं बसेल.

बाजारात काय भावाने

भाजीचा नवा जाळीदार क्रेट साडेतीनशेच्या आसपास, जुना शंभर-दीडशेला. जुना घेताना कडा तडकलेल्या नाहीत एवढं बघा. आतून बारदान लावायचं, ते वीस-पंचवीस रुपयांना एक. खाली पाणी गळेल ते धरायला ट्रे किंवा फुटकी परात. वरून झाकायला ओलं बारदान आणि चिलटांसाठी मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा.

अंथरुणाला कोकोपीटची पाच किलोंची वीट दीडशे ते अडीचशेला मिळते. पण उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याने ती घेणं म्हणजे कमाल आहे. पाचट फुकट आहे, गुऱ्हाळाजवळची कुजकी चिपाडं फुकट आहेत. नारळाच्या शेंड्या बारीक करून चालतात. पुठ्ठ्याचे तुकडे सर्वांत बरे, त्याबद्दल पुढे. शेण गवळ्याकडून घमेलंभर आणा, पन्नास रुपयांच्या वर देऊ नका. ताजं शेण मात्र क्रेटमध्ये टाकू नका. ते तापतं आणि गांडुळं एका रात्रीत कडेने बाहेर पडतात. पंधरा-वीस दिवस सावलीत पसरून, पाणी मारून, थंड झालेलं शेण हवं. हात घातला की गार लागलं पाहिजे, ही साधी परीक्षा.

आता गांडुळं. इथे सगळ्यात जास्त फसवणूक आहे. ऑनलाइन सहाशे ते हजार रुपये किलोने विकतात, शेतकऱ्याकडून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून तीनशे ते पाचशेत मिळतात. कोल्हापूरकरांना कणेरी आणि तळसंदे ही दोन केंद्रं जवळ आहेत. जाण्याआधी कल्चर शिल्लक आहे का ते फोनवर विचारा. प्रश्न ‘किलो’चा आहे. निव्वळ गांडुळं एक किलो म्हणजे मोठी हजारभर तरी भरतात. विक्रेता बहुधा शेणासकट तोलतो, आणि मग पिशवीत तीनशेही निघत नाहीत. म्हणून ‘किलो किती’ हे विचारण्याआधी ‘निव्वळ की माध्यमासकट’ हे विचारा. माध्यमासकट घ्यायला हरकत नाही, उलट त्यात कोष आणि पिल्लं येतात, जी नव्या जागेशी लवकर जुळवून घेतात. फक्त भाव त्या मानाने हवा.

जात विचाराल तर आपल्याकडे जास्त करून आयसेनिया फेटिडा विकतात, तांबूस तपकिरी आणि अंगावर फिकट पट्टे. दुसरं युड्रिलस, लांब, जांभळट झाक असलेलं. खातं भरपूर, पण थंडी सोसत नाही आणि हाताळणी त्याला रुचत नाही. नवख्याने आयसेनियापासून सुरुवात करावी. पावसात अंगणात दिसतात ती गांडुळं गोळा करून आणू नका. ती मातीत बिळं करून राहणारी. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर ती जगत नाहीत.

दोन क्रेटना अर्धा किलो पुरे. पोषण आणि ओल नीट असेल तर दोन-तीन महिन्यांत संख्या दुप्पट होते. ‘वर्म टॉनिक’, ‘बूस्टर’ असल्या बाटल्यांना हात लावू नका. जी गोष्ट मूठभर शेणाच्या स्लरीत आहे तिच्यासाठी दोनशे रुपये कशाला?

आणि तयार किट? प्लास्टिकचे तीन-चार थाळ्यांचे मनोरे अडीच ते सहा हजारांत मिळतात, टेराकोटाचे दीड ते साडेतीन हजारांत. दिसायला सुरेख, पाहुण्यांना दाखवायला उत्तम. टेराकोटाचा एक खरा गुण आहे, उन्हाळ्यात ते आत गार राहतं. पण या मनोऱ्यांत तयार खत सगळ्यात खालच्या थाळीत असतं. ते काढायचं तर वरच्या दोन-तीन भरलेल्या थाळ्या एकेक करून उचलून जमिनीवर ठेवायच्या, खालची रिकामी करायची, आणि सगळं पुन्हा रचायचं. साठीच्या बाईला हे करायला लावणारी वस्तू कितीही देखणी असली तरी माझ्या लेखी ती महाग.

स्टँड

ओलं गांडूळ खत जड असतं. अर्ध्याच्या वर भरलेला क्रेट वीस किलोच्या पुढे जातो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने, नायॉशने, उचलण्याच्या वजनाचं जे सूत्र १९९१ मध्ये सुधारून मांडलं, त्यात सर्वांत अनुकूल स्थितीतसुद्धा २३ किलो ही मर्यादा धरली आहे. अनुकूल म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, पाठ न पिळता, दोन्ही हातांची पकड पक्की. वजन जमिनीवर असलं, हात लांब करावे लागले, वळून ठेवावं लागलं की मर्यादा भराभर खाली येते. म्हणजे गच्चीच्या कोपऱ्यात, कठड्याला टेकून ठेवलेला क्रेट एकट्याने उचलणं हे मर्यादेबाहेरचं काम आहे. आपण ते रविवारी सकाळी हसत हसत करतो आणि सोमवारी बाम लावतो.

उंची कशी ठरवायची? सरळ उभं राहून कोपर वाकवा, हात आडवा धरा. त्याच्या चार बोटं खाली क्रेटची वरची कड यावी. बहुतेकांना ही उंची स्वयंपाकाच्या ओट्याएवढी भरते, किंवा किंचित जास्त. क्रेट एक फुटाचा, म्हणून स्टँड दोन फुटांचा. दोन क्रेट शेजारी शेजारी बसायला लांबी सव्वाचार फूट, रुंदी दीड फूट. पंचवीस बाय पंचवीस बाय तीन मिलिमीटरचा अँगल मीटरला सव्वा किलोच्या आत भरतो. अशा स्टँडला साधारण साडेआठ-नऊ मीटर लागतो, म्हणजे दहा किलो. फॅब्रिकेशनवाला माल आणि मजुरी धरून किलोला ११० ते १४० रुपये लावतो. अकराशे ते चौदाशे झाले. रेड ऑक्साइडचा हात त्याच पैशांत मारून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरेल, कारण क्रेटमधून सतत पाणी झिरपत असतं. भंगारातला अँगल मिळाला तर निम्म्यात काम होतं. जुना लोखंडी टेबल, शिलाई मशीनचा स्टँड, शाळेचा बाक, काहीही चालेल. फक्त भरलेल्या दोन क्रेटचं पन्नास किलो वजन पेलेल ना, ते अंगावर रेलून तपासा.

स्टँडच्या पायांवरून मुंग्या चढू नयेत म्हणून लोक पायांखाली वाट्यांत पाणी ठेवतात. डेंग्यूचा डास नेमका अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. त्यापेक्षा पायाला बोटभर रुंदीचा ग्रीसचा पट्टा ओढा. मेहुण्याचं हे दुसरं योगदान. धूळ बसून ग्रीस सुकलं की पुसून नवा ओढायचा, गॅरेजवाला चमचाभर ग्रीसचे पैसे घेत नाही.

खत काढायला क्रेट उचलायचाच नाही. क्रेटच्या एका अर्ध्या भागात कचरा टाकणं थांबवा, पाणी तिथे मारू नका, दुसऱ्या अर्ध्या भागातच खाऊ घाला. तीन-चार आठवड्यांत बहुतेक गांडुळं खाण्याकडे सरकतात. मग रिकाम्या बाजूचं खत उभ्याउभ्या खुरप्याने ओढून घमेल्यात घ्या. त्याचे लहान ढीग करून उजेडात तासभर ठेवलं की उरलीसुरली गांडुळं खाली दडी मारतात आणि वरचं खत अलगद काढता येतं. घमेलं अर्धंच भरा. एका हाताने उचलता येतंय तोपर्यंत ठीक.

आता बेरीज. जुने क्रेट, फुकटचं पाचट, शेतकऱ्याकडची गांडुळं घेतलीत तर बारदान, ट्रे, कापड, शेण सगळं धरून दोन हजारांत बसतं. सगळं नवं घेतलंत तर तीन हजार. दोन्हींत जवळजवळ निम्मे पैसे स्टँडचे आहेत. पुढे दरवर्षी दोन-अडीचशे : बारदानं कुजतात, थोडं कोकोपीट, किलोभर निंबोळी पेंड. अंड्याची टरफलं वाळवून, चुरून टाकत राहिलात तर चुन्याचा खर्चही नाही.

गॅरेजचे हात

ज्या घरात मेकॅनिक आहे त्या घराला या धंद्यात एक फायदा आहे आणि एक धोका. फायदा पुठ्ठ्याचा. क्लचप्लेट, चेनकिट, ब्रेक शू, बल्ब यांची खोकी रोज रद्दीत जातात. चकचकीत प्लास्टिकचा थर नसलेला, तेल न लागलेला साधा तपकिरी पुठ्ठा फाडून भिजवला की गांडुळांना त्याच्याइतकं आवडतं अंथरूण दुसरं नाही. चिकटपट्टी आणि स्टेपलच्या पिना आधी काढा.

धोका हातांचा. गांडूळ कातडीने श्वास घेतं. कामावरून आलेला माणूस पेट्रोलने किंवा डिझेलने हात धुतो, वर कपड्याच्या पावडरीने घासतो आणि तसाच क्रेटमध्ये हात घालतो. जे त्याच्या कातडीला सोसत नाही ते गांडुळाला कुठलं सोसणार? तेलकट चिंध्या, कॉटन वेस्ट, जळक्या ऑइलचा शिंतोडा उडालेला भुसा, यातलं काहीही क्रेटमध्ये जाता कामा नये. इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूचे कण आणि ज्वलनातून आलेली विषारी द्रव्यं असतात. ती खतात उतरली तर तिथून मेथीत उतरायला वेळ लागत नाही. ते ऑइल डब्यात साठवून अधिकृत संकलकालाच द्यायचं असतं; गटारात नाही आणि वाळवी मारायला अंगणातही नाही.

खरं तर ही पेट्रोलने हात धुण्याची सवय गांडुळांच्या आधी माणसासाठी सोडायला हवी. पेट्रोल कातडीतला नैसर्गिक तेलकटपणा ओढून नेतं. बोटांच्या पेरांना चिरा पडतात, त्या चिरांत काळं बसतं, मग ते काढायला आणखी पेट्रोल. जळकं ऑइल वर्षानुवर्षं कातडीवर राहणं कर्करोगाच्या दृष्टीनेही धोक्याचं. नायट्राइलच्या शंभर हातमोज्यांचा खोका साडेतीनशे ते सहाशेला मिळतो. एक जोडी दोन गाड्यांना टिकली तरी गाडीमागे सहा रुपयांच्या वर खर्च जात नाही. मेकॅनिक म्हणतात, मोज्यांनी बोल्टचा अंदाज येत नाही. बारीक कामाला खरं आहे. ऑइल बदलायला, चेन धुवायला, कार्बोरेटर साफ करायला कसला अंदाज हवा? चिरा असलेल्या हाताने खत उपसताना तर मोजे हवेतच, आणि धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली हवी. सुकं खत चाळताना नाकाला फडकं बांधा. त्या धुळीत बुरशीचे कण असतात.

पाठीचं बिल

आता गॅरेजकडे. दुचाकीचं इंजिन, चेन, मागचं चाक, ब्रेक ड्रम, सगळं जमिनीपासून फूट-दीड फुटात. मेकॅनिक उकिडवा बसतो किंवा पाटावर बसून मान पुढे काढतो. दिवसात कितीतरी वेळा उठबस, मेन स्टँडवर गाड्या ओढणं; स्प्लेंडर सव्वाशे किलोच्या आत असते, बुलेट दोनशेच्या घरात. गुडघे, कंबर, मान आणि मनगट, याच क्रमाने कुरकुर सुरू होते. तिशीत कुणी लक्ष देत नाही. चाळिशीत माणूस हेल्परला ओरडून कामं सांगू लागतो, कारण त्याला स्वतःला खाली बसवत नाही.

एकदा कंबरेत चमक भरली आणि पायात कळ उतरली, तर ऑपरेशनशिवायचं बिल असं पडतं. हाडांच्या डॉक्टरांच्या दोन-तीन भेटी, दीड-दोन हजार. एक्स-रे तीन-चारशे. एमआरआय सांगितला तर पाच ते सात हजार. फिजिओथेरपी बैठकीला तीनशे-चारशे, अशा दहा-पंधरा. औषधं हजार-दीड हजार, पट्टा पाच-सहाशे. पंधरा हजार झाले. शिवाय तीन आठवडे शटर अर्धं. रोजचे आठशे निव्वळ धरले तरी सोळा-सतरा हजार बुडाले. तीस हजारांचा फटका, आणि परत होणार नाही याची हमी नाही. दहापेक्षा कमी माणसांच्या गॅरेजला राज्य कामगार विम्याचं कवच बहुधा नसतं. जनआरोग्य योजना भरती होऊन करायच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहे, डॉक्टरांच्या भेटी आणि रोजच्या बैठका खिशातून. सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपी नाममात्र पैशांत होते, वेळ मात्र जातो.

हेच तीस हजार आधी उंचीवर घालता येतात. पायाने पंप मारायचा हायड्रॉलिक रॅम्प वीस ते तीस हजारांत येतो, विजेवरचा पस्तीस ते साठ हजारांत. घेताना क्षमता चारशे किलोंच्या आसपास हवी, पुढचं चाक पकडणारा शिकंजा हवा, आणि वर गेल्यावर अडकवायची लोखंडी लॉक दांडी हवी. नुसत्या तेलाच्या दाबावर उभ्या राहिलेल्या रॅम्पखाली हात घालू नये. सील किट गावात मिळतं का, हे विक्रेत्याला विचारू नका, दुसऱ्या गॅरेजवाल्याला विचारा. स्वस्तातली आयात यंत्रं सीलसाठी महिना-महिना बंद पडून राहतात.

एवढे नसतील तर विटांचा ओटा बांधा. सहा-सात फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच, पुढे चढायला उताराची फळी. सात ते दहा हजारांत होतो. गाडी चढवताना दोघं लागतात, आणि पावसात फळी निसरडी होते म्हणून तिच्यावर जुन्या टायरचे तुकडे ठोका. हेही नको असेल तर निदान चाकांचं बुटकं स्टूल, बाराशे ते अडीच हजार. हत्यारं त्याच्याच खालच्या थाळीत राहतात, त्यामुळे दर पान्यासाठी उठणं वाचतं. कंबरपट्ट्यावर मात्र भरवसा ठेवू नका. धडधाकट माणसाने दुखापत टाळण्यासाठी पट्टा बांधावा, अशी शिफारस नायॉश करत नाही. पट्टा बांधला की माणूस उलट जास्त वजन उचलायला धजावतो. पायात मुंग्या, बधिरपणा, किंवा लघवीवरचा ताबा सुटणं यातलं काही झालं तर तेल-मालिश करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

एक गोष्ट कुठल्याच दरपत्रकात नसते. गॅरेजमधून आलेल्या माणसाची पाठ आम्ही सगळे विचारतो. घरातला केर काढून, फरशी पुसून, वर गच्चीवरच्या क्रेटपुढे उकिडवं बसणारी बाई कुणाला दिसत नाही. स्टँडची उंची मोजताना कोपर तिचं मोजा. क्रेट हाताळणार ती आहे.

हाती काय लागतं

दोन क्रेट वर्षाला सव्वाशे-दीडशे किलो कचरा खातात. त्याचं खत होतं चाळीस किलोंच्या आसपास. शहरातल्या नर्सरीत सुटं खत वीस-तीस रुपये किलोने मिळतं, तेव्हा हे झाले आठशे ते बाराशे रुपये. वर्षाचा खर्च वजा करता गुंतवणूक वसूल व्हायला दोन ते साडेपाच वर्षं. खालच्या ट्रेमधलं पाणी म्हणजे व्हर्मिवॉश, असं सांगून काही जण ते बाटलीने विकतात. ते मुख्यतः कुजणाऱ्या कचऱ्याचा निथळ असतो. वापरायचाच तर दहापट पाण्यात मिसळून कुंड्यांना, पालेभाजीवर फवारायला नको.

पुण्यात मिळकत असेल तर महापालिका गांडूळ खत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प असल्यास सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन वा अधिक असल्यास १० टक्के सवलत देत आली आहे. प्रकल्प चालू आहे का हे तपासलं जातं, त्यामुळे रिकामा खड्डा दाखवून भागत नाही. क्षेत्रीय कार्यालयात चालू वर्षाचा नियम विचारून मगच हिशेबात धरा. बाकी शहरांत आपापल्या पालिकेत चौकशी करा.

माझा कौल सांगतो. घरात दहा तरी कुंड्या आहेत, सावलीची जागा आहे आणि दोन दिवसाआड दहा मिनिटं काढणारं माणूस आहे, तर दोन हजार घाला. कुंड्या नसतील तर करू नका. झालेल्या खताचं काय करायचं हा नवा प्रश्न उभा राहतो, आणि ओला कचरा वेगळा करून घंटागाडीला दिलात तरी तुमचं कर्तव्य झालं. विदर्भ-मराठवाड्यात पश्चिमेला तोंड असलेल्या बाल्कनीत तर नकोच. पस्तीस अंशांच्या वर गांडुळं खाणं सोडतात, आणि एप्रिलमध्ये तिथल्या क्रेटचं तापमान त्याच्या पुष्कळ पुढे जातं. तिथे मोरीजवळची गार जागा बघा. कोकणात उलट त्रास : पागोळी क्रेटमध्ये पडली की गांडुळं बुडून मरतात, म्हणून वर पत्रा हवा.

गांडुळं घ्यायचा चांगला काळ म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. मार्च ते मे कुरिअरने मागवू नका, पिशवी गोदामात एक दिवस जरी तापली तरी पैसे पाण्यात. कुरिअरनेच मागवायची असतील तर विक्रेत्याला माल सोमवारी पाठवायला सांगा. शुक्रवारी निघालेलं पार्सल रविवारभर कुठेतरी बंद पडून राहतं. आणि स्टँडवाल्याकडे गांडुळांच्या आधी जा, कारण तो आठ दिवस सांगून पंधरा लावतो.